आधी वर काढायचं ठरवा, मग उतरायचं: बंदिस्त जागेसाठी अँकर आणि साधनांची निवड

प्रश्न थोडक्यात असा: जमिनीखाली सांडपाण्याची 8 मीटर खोल टाकी आहे, तिच्या छतावर 600 मिमीचं मॅनहोल. शेजारी एक आडवी टाकी आहे, तिचं 500 मिमीचं मॅनहोल बाजूच्या भिंतीत, जमिनीपासून दीड मीटरवर. वर्षातून तीन-चार वेळा दोन्हींत माणसं उतरतात, कधी एक, कधी दोन. खरेदी विभागाचं म्हणणं की एकच ट्रायपॉड, म्हणजे माणूस उचलायची तीन पायांची घोडी, घ्या आणि दोन्हीकडे वापरा. तर ट्रायपॉड घ्यावा की डेव्हिट, म्हणजे एका दांड्यावर फिरणारा उचल-हात? टाकीभोवतीच्या रेलिंगला किंवा वरून जाणाऱ्या पाइपांना लाइफलाइन (माणसाला जोडलेली सुरक्षा दोरी) बांधली तर चालेल का? आणि विंच, म्हणजे दोरी गुंडाळून माणसाला वर ओढणारं यंत्र, कशी निवडावी?

शेवटून सुरुवात करतो, कारण या कामात निवड शेवटापासूनच करावी लागते. माणूस आत कसा जाईल हा प्रश्न सोपा आहे. तो शुद्धीवर असतो, हातपाय हलवतो, खांदे तिरके करून भोकातून निघतो. बेशुद्ध माणूस यातलं काहीही करत नाही. त्याचं डोकं एका बाजूला कललेलं, हात लोंबकळणारे, पाठीवर कदाचित श्वसनसंच, आणि वर उभा असलेला एकच माणूस विंचचं हँडल फिरवणार. तो त्या भोकातून, त्या एकट्या माणसाच्या ताकदीवर, चार-पाच मिनिटांत बाहेर येईल का? उत्तर "हो" असेल तेवढंच साधन विकत घ्या.

चार-पाच मिनिटं हा आकडा सहज आलेला नाही. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर साधारण तेवढ्याच वेळात कायमची इजा सुरू होते. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतोच. 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाक बधिर होतं आणि वास "गेला" असं वाटतं. 700 ते 1000 पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. मग वरचा सहकारी खाली झेपावतो. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने 1986 च्या सूचनापत्रात नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी 60 टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे होते. मी अँकर, म्हणजे दोरी ज्याला बांधायची तो आधार, निवडायला बसतो तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर ठेवतो. वरच्या माणसाला आत उडी मारण्याची गरजच भासू नये, यासाठीच ही सगळी खरेदी आहे.

आता रेलिंग आणि पाइप. दोन्हींना नाही.

अमेरिकी नियमांनुसार रेलिंगच्या वरच्या दांड्याने साधारण 890 न्यूटन जोर सहन करायचा असतो, म्हणजे 90 किलोच्या आसपास. तिथलेच नियम पडणाऱ्या माणसाला रोखणाऱ्या अँकरसाठी एका माणसामागे 22.2 किलोन्यूटन मागतात, किंवा जाणत्या अभियंत्याने किमान दुप्पट सुरक्षा ठेवून केलेली रचना. फरक जवळजवळ 25 पट आहे. रेलिंग तोल सावरायला असते, पडणाऱ्याला रोखायला नाही. पाइपांचं तर आणखी वाईट. वरून भक्कम दिसणारी पाइप बऱ्याचदा सपोर्टवर नुसती टेकलेली असते, इन्सुलेशनखाली गंज किती आहे ते दिसत नाही, आणि झटक्याने फ्लँज (बोल्टने जोडलेला सांधा) उघडली तर आतलं द्रव्य त्याच मॅनहोलवर पडतं. केबल ट्रे, स्कॅफोल्डिंगची मोकळी नळी, ग्रेटिंग हेही याच रांगेत.

मॅनहोलच्या आतल्या लोखंडी पायऱ्यांबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण "तिथेच तर हुक अडकवता येतो" असं मी खूप ठिकाणी ऐकलं आहे. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वरच्या ओलसर भिंतीवर जीवाणूंमुळे गंधकाम्लात बदलतो. ते आम्ल आधी काँक्रीट खातं, मग त्यात रोवलेलं लोखंड. पायरी बाहेरून जाड दिसते, पण भिंतीत शिरते तिथे ती पेन्सिलीएवढी उरलेली असू शकते. अशा पायरीवर पायही विचार करून ठेवावा, जीव टांगणं तर दूरच.

वर पोलादी बीम असेल तर गोष्ट वेगळी. बीम चांगला अँकर होऊ शकतो, पण तो कशासाठी रचला होता आणि आणखी किती भार घेईल हे स्ट्रक्चरल अभियंत्याने लेखी सांगायला हवं. तो मॅनहोलच्या बरोबर वर हवा. मीटरभर बाजूला असेल तर पडलेला माणूस लोलकासारखा झुलून भिंतीवर आपटतो. बीमला स्लिंग घालताना कडेला संरक्षक पट्टी ठेवा आणि स्लिंग स्वतःतच ओवून फास केला तर तिची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते हे हिशेबात धरा. जमिनीत किंवा भिंतीत बोल्ट ठोकून अँकर करायचा असेल तर काँक्रीटची ताकद, बोल्टची खोली आणि कडेपासूनचं अंतर या तिन्ही गोष्टी बोल्ट बनवणाऱ्याच्या सूचनेनुसार हव्यात, आणि बसवल्यावर खेच-चाचणी व्हायला हवी. जुन्या सांडपाण्याच्या टाकीचं छत आतून किती खाल्लं गेलं आहे हे वरून कळत नाही. म्हणून तिथे मी नव्या बोल्टवर सहसा भरवसा ठेवत नाही.

आता ट्रायपॉड. तुमच्या उभ्या टाकीसाठी तो चालू शकतो, पण त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या.

पहिली मर्यादा उंचीची, आणि खरेदी करताना तीच सुटते. हिशेब करून बघा. माणसाच्या पावलांपासून खांद्यांपर्यंत साधारण 1.45 मीटर. हार्नेसच्या (अंगावर चढवायच्या पट्ट्यांच्या) खांद्यांवरच्या दोन्ही रिंगांना जोडणारा वाय आकाराचा पट्टा लावला तर त्याचे जवळजवळ अर्धा मीटर. त्यावर हुक आणि पुली मिळून 15 सेंटिमीटर. बेरीज 2.1 मीटर, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या लहान ट्रायपॉडची उंचीही तेवढीच असते. म्हणजे विंच शेवटपर्यंत फिरवली तरी माणसाची पावलं भोकाच्या काठाशीच. मॅनहोलला उंच कठडा असेल तर गुडघे आतच राहतात. मग वरचे लोक त्याला हाताने ओढू लागतात, ट्रायपॉडला बाजूने झटका बसतो आणि सगळं गडबडतं. 2.4 मीटर किंवा त्याहून उंच घ्या. पाय लांबवता येणारा असेल तर सगळे पाय पूर्ण उघडल्यावर त्याची क्षमता किती राहते ते पुस्तिकेत वाचा.

दुसरी मर्यादा तिरक्या ओढीची. ट्रायपॉड फक्त सरळ खाली येणारा भार पेलतो. दोरी तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर खेचली गेली की तो उलटतो. आणि पायांना जोडणारी साखळी किंवा पट्टा लावलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी सराव घेताना 80 किलोची डमी वर आणत होतो. ओल्या चेकर्ड प्लेटवर ट्रायपॉड उभा केला होता आणि साखळी "नंतर लावू" म्हणून पिशवीतच राहिली होती. डमी काठाशी आली, एकाने तिला बाजूला ओढलं, एक पाय सरकला आणि अख्खा ट्रायपॉड भोकावर आडवा झाला. डमीच्या जागी माणूस असता तर त्याच्या डोक्यावर वीसेक किलो ॲल्युमिनियम पडलं असतं. तेव्हापासून साखळी लागल्याशिवाय मी कुणाला हार्नेसही चढवू देत नाही. जमीन मऊ असेल तर पायांखाली जाड फळी, गुळगुळीत असेल तर रबरी तळवे, मातीत टोकदार टाचा. ग्रेटिंगवर उभा करायचाच असेल तर खाली पत्रा घाला, नाहीतर पाय जाळीत उतरतो.

तिसरी गोष्ट पुलीच्या हिशेबाची. विंच ट्रायपॉडच्या पायावर बसवलेली असते आणि दोरी डोक्यावरच्या पुलीवरून खाली जाते. खाली 120 किलोचा माणूस लटकला तर दोरीच्या दोन्ही बाजूंना तेवढाच ताण येतो, म्हणून पुलीवर जवळजवळ 240 किलो पडतात. उचलताना हे साधन सहज पेलतं. पण तोच ट्रायपॉड पडणाऱ्या माणसालाही रोखणार असेल तर 6 किलोन्यूटनपर्यंतचा झटका गृहीत धरावा लागतो, कारण युरोपीय मानकांत दोरीतला झटका शोषणारा पट्टा तो तेवढ्यावर थांबवतो. अँकरांच्या ईएन 795:2012 या युरोपीय मानकात ट्रायपॉड टाइप बी मध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या तात्पुरत्या अँकरांत, येतात, धातूच्या साधनासाठी 12 किलोन्यूटनची स्थिर चाचणी असते, आणि ते मानक एकाच माणसासाठी आहे. दोन किंवा जास्त माणसांसाठी सीईएन/टीएस 16415:2013 बघावं लागतं. तुमच्याकडे कधी दोघं उतरतात, म्हणून कागदावर माणसांची संख्या स्पष्ट मागून घ्या. विक्रेत्याच्या पत्रकावर "500 किलो क्षमता" एवढंच लिहिलं असेल तर ते माल उचलायच्या क्षमतेबद्दल असू शकतं. माणसाला रोखण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आणि कितीही माणसं असोत, एका दोरीला एकच माणूस.

डेव्हिटचा विचार करा असं मी म्हणेन, कारण तुमची टाकी कायमची आहे आणि काम दरवर्षी आहे. छताच्या चांगल्या भागात किंवा बाहेरच्या पायावर एकदाच सॉकेट बसवलं, अभियंत्याने तपासून दिलं, की दरवेळी फक्त दांडा आणि हात बसवायचा. सगळ्यात मोठा फायदा असा की माणूस वर आला की हात फिरवून त्याला भोकापासून बाजूला, स्ट्रेचरवर उतरवता येतं. ट्रायपॉडमध्ये तो भोकाच्या बरोबर वरच लटकत राहतो आणि बेशुद्ध माणसाला तिथून हलवायला दोन-तीन जणांचे हात लागतात. शिवाय मॅनहोलभोवतीची जागा मोकळी राहते, तिथे आत हवा ढकलणारा ब्लोअर ठेवता येतो. छतात सॉकेट नको असेल तर वजनांवर उभे राहणारे डेव्हिटही मिळतात. पण ते वजन हलवणं हे स्वतंत्र काम असतं आणि अरुंद जागेत ते बसत नाही.

विंचबद्दल दोन गोष्टी नीट वेगळ्या करा, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. सुटकेसाठीची विंच आणि माणसाला रोज वरखाली नेणारी विंच ही एकच गोष्ट नाही. ईएन 1496 हे सुटकेच्या उचल साधनांचं मानक आहे. त्यातला वर्ग ए फक्त उचलण्यासाठी. वर्ग बी मध्ये उतरवण्याची सोय असते, पण जास्तीत जास्त 2 मीटरपर्यंत, अडकलेल्या माणसाला थोडं खाली घेऊन सोडवता यावं म्हणून. अशा विंचवर बसवून माणसाला 8 मीटर खाली सोडणं हा तिचा वापर नाही. खाली जायला शिडी असेल तर माणूस शिडीने जाईल आणि दोरी त्याला रोखेल. शिडी नसेल आणि दोरीनेच न्यायचं असेल तर माणसाच्या वाहतुकीसाठी बनवलेली विंच, आणि शिवाय वेगळ्या साधनावर दुसरी, पडण्यापासून वाचवणारी दोरी हवी.

तुमच्या कामाला मी तीन कामं करणारा रिट्रॅक्टेबल सुचवीन: माणूस उतरताना दोरी आपोआप सोडतो, पडला तर लॉक होतो, आणि खटका ओढून हँडल जोडलं की विंचसारखा उचलतो. का, ते सांगतो. मी पाहिलेल्या तपासण्यांत सगळ्यात जास्त आढळलेली चूक म्हणजे वर ट्रायपॉड दिमाखात उभा, पण खाली पोचल्यावर माणसाने हुक काढून ठेवलेला, कारण ढिली दोरी पायात येते. आपोआप ताणून राहणारी दोरी पायात येत नाही, म्हणून ती अंगावर राहते. हुक फिरता घ्या, म्हणजे दोरीला पीळ बसत नाही. हँडल जोडायचा खटका वरच्या माणसाला डोळे मिटून जमला पाहिजे. खरी वेळ येईल तेव्हा त्याचे हात थरथरत असणार.

दोरी किती वेळात वर येते ते मोजा. समजा हँडलच्या एका फेऱ्यात 10 सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते. 8 मीटरला 80 फेरे, आणि दमलेला माणूस मिनिटाला 30 फेरे मारत असेल तर अडीच मिनिटांहून जास्त. हे चालण्याजोगं आहे, पण त्यात अटेंडंट, म्हणजे वर लक्ष ठेवणारा माणूस, विंचपाशीच उभा होता असं गृहीत धरलं आहे. विजेवर चालणारी विंच लवकर उचलते खरी, पण आत पाय कुठे अडकला असेल तर तिला ते कळत नाही, ती खेचतच राहते. हाताच्या विंचमध्ये अडकलेलं हाताला लगेच जाणवतं. फोर्कलिफ्ट, क्रेनचा हुक, गाडी, यातलं काहीही माणूस ओढायला वापरू नका, याच कारणासाठी.

हार्नेस आणि रिंग हाही निवडीचाच भाग आहे. पाठीवरच्या रिंगवरून उचललेला माणूस पुढे झुकतो आणि त्याचे गुडघे, कपाळ काठाला अडकतात. खांद्यांवरच्या दोन रिंगा आणि वाय पट्टा असला तर तो सरळ उभा येतो आणि 600 मिमीच्या भोकातून सुटतो. ब्रिटनच्या मार्गदर्शनात श्वसनसंचासह सुटका करता यावी म्हणून किमान 575 मिमी व्यासाचं भोक सुचवलं आहे. तुमचं 600 जेमतेम त्यात बसतं, पण त्या भोकात ब्लोअरचा 200 मिमीचा डक्टही घातला तर उरलेल्या फटीतून बेशुद्ध माणूस येणार नाही. डक्टसाठी दुसरं मॅनहोल वापरा, किंवा एका झटक्यात वर ओढता येईल असा डक्ट ठेवा. उचलता येणारी शिडी असेल तिलाही हाच नियम. तिचा वरचा भाग काठाच्या एक मीटर वर असावा आणि सुटकेच्या वेळी ती आधी बाहेर निघावी.

आता आडवी टाकी. इथे ट्रायपॉड कामाचाच नाही, हे खरेदी विभागाला स्पष्ट सांगा. भोक भिंतीत आहे, दोरी आडवी आत जाणार, म्हणजे ओढ त्रिकोणाबाहेरच पडणार. शिवाय दोरी फ्लँजच्या खालच्या काठावरून घासत येते. त्या घर्षणात निम्मी ताकद वाया जाते आणि दोरीही कापली जाते. इथे मॅनहोलच्या फ्लँजला बोल्टने बसणारा डेव्हिट ब्रॅकेट, काठावर रोलर, आणि मुख्य म्हणजे बाहेर दीड मीटर उंचीवर उभं राहायला रेलिंग असलेला प्लॅटफॉर्म लागेल. बाहेर आलेला माणूस कुणाच्या हातात येणार, हे आधी ठरलेलं हवं. 500 मिमीच्या भोकातून माणूस आडवा, डोक्याकडून येतो. त्यासाठी ओढून नेता येणारं सपाट स्ट्रेचर उपयोगी पडतं. मनगटांना बांधायचे पट्टे मिळतात, त्यांनी हात वर गेले की खांद्यांची रुंदी कमी होते. पण अमेरिकी नियम ते फक्त हार्नेस शक्यच नाही किंवा जास्त धोक्याचा आहे असं दाखवता आलं तरच मान्य करतात, आणि ते बरोबर आहे. लटकलेल्या माणसाचा सगळा भार दोन मनगटांवर घालू नये.

आत बॅफल (आडव्या पाट्या) किंवा ॲजिटेटर (ढवळणारं यंत्र) असेल तर दोरी पहिल्याच वळणावर अडकेल. तेव्हा बाहेरून ओढून काढण्याची योजना कागदावरच उरते. अशा टाकीसाठी कुठलाही अँकर घेतला तरी सुटका होणार नाही. त्यासाठी हवा-पुरवठ्याचे मुखवटे चढवून, दाराशी तयार उभं असलेलं आणि आत जायचा सराव केलेलं पथकच हवं. ते नसेल तर त्या दिवशी आत जाण्याचं परमिट देऊ नका. बऱ्याचदा अशा टाक्या बाहेरून पाण्याच्या दाबाने धुता येतात. तो विचार आधी करा.

थोडं सामग्रीबद्दल. सांडपाण्यात साधी जस्त चढवलेली तार लवकर खराब होते, स्टेनलेस घ्या. नायलॉन खनिज आम्लांत कमजोर होतं, पॉलिएस्टर तीव्र अल्कलीत. टाकीत आधी काय होतं ते विचारून दोरी ठरवा. आत वेल्डिंग असेल तर सिंथेटिक दोरी वितळते. मिथेन असण्याची शक्यता असेल तर आणखी एक गोष्ट: ॲल्युमिनियम गंजलेल्या लोखंडावर आदळलं की पेट घेऊ शकणाऱ्या ठिणग्या उडतात. म्हणून झाकणाजवळ ट्रायपॉड आपटायचा नाही, आणि गॅस तपासणी झाल्यावरच तो उभा करायचा. तपासणी वरच्या, मधल्या आणि तळाच्या थराची वेगवेगळी करा: ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, ज्वलनशील वायू त्याच्या किमान ज्वलनमर्यादेच्या 10 टक्क्यांखाली. प्रत्येक वापराआधी तारेच्या तुटलेल्या लड्या, फुगलेला भाग, मुरड पाहा. जाणत्या माणसाकडून किमान 12 महिन्यांतून एकदा तपासणी करून घ्या, आणि एकदा पडलेल्याला रोखलेलं साधन तपासून, लेखी मान्यता मिळाल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

तेव्हा खरेदी यादी अशी द्या: उभ्या टाकीसाठी सॉकेटसह डेव्हिट, त्यावर तीन कामांचा रिट्रॅक्टेबल, आणि दोघं उतरणार असतील तेव्हा दुसऱ्यासाठी स्वतंत्र दोरी आणि दोघांसाठी मान्य असलेला डेव्हिट. आडव्या टाकीसाठी फ्लँज ब्रॅकेट आणि प्लॅटफॉर्म, वेगळे. पैसे देण्याआधी विक्रेत्याला प्रत्यक्ष जागेवर बोलवा. हार्नेस घातलेली, पाठीवर श्वसनसंच बांधलेली 80 किलोची डमी तळाशी सोडा, आणि त्या टाकीवर जो अटेंडंट असणार आहे त्यालाच, एकट्याला, हँडल फिरवायला सांगा. तोपर्यंत कुणीही मदतीला जायचं नाही. डमीची पावलं काठाच्या वर आली आणि ती भोकाबाहेरच्या जमिनीवर टेकली, की घड्याळ थांबवा.